बारीक मण्यांची जबाबदारी

प्राचार्य सरांना दारातून परत पाठवण्याची हिंमत आमच्या कॉलेजात एकाच व्यक्तीत होती. सर त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाहून परस्पर आले होते आणि त्यांच्या कानात अत्तराचा फाया होता. आत प्रयोगशाळेत आम्ही सहा विद्यार्थी वाइनचे पेले समोर ठेवून बसलो होतो. आमच्या मॅडम उठल्या, दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, आपण जरूर या. फक्त कान धुऊन या."

सर गेले. आम्हाला वाटलं, आता मॅडमचं काही खरं नाही. थोड्या वेळानं सर परत आले तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि हातरुमाल ओला होता. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पेला दिला आणि शिकवणं जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

मॅडमविषयी लिहायचं तर इथून सुरुवात करावी असं वाटलं. ते बरोबर आहे की नाही माहीत नाही. मला लिहायची फारशी सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सांगलीतल्या या कॉलेजात द्राक्ष आणि वाइनचा अभ्यासक्रम आहे हेसुद्धा मला प्रवेशाच्या रांगेत कळलं. बाकीच्या जागा भरल्या होत्या, इथं एक शिल्लक होती आणि मुलींचं हॉस्टेल होतं. आई म्हणाली, "गावात काय सांगू? पोरगी दारू गाळायला शिकती म्हनून?" मी म्हणाले, "द्राक्षांचं शिकते म्हणून सांग." पहिले काही महिने मी स्वतःलाही तेच सांगत होते.

मॅडम मूळच्या वाईच्या. वडील घाटावर पूजा सांगायचे. त्या घरातली मुलगी वाइन शिकवायला कशी आली, हे विचारायचं धाडस आमच्यातल्या एकानं केलं होतं. मॅडम म्हणाल्या, "वडिलांच्या हाताला कायम चंदन, कापूर आणि ओल्या फुलांचा वास यायचा. मी डोळे मिटून सांगायची, आज सकाळी कुठल्या देवळात होतात. तिथूनच लागलं हे सगळं." एवढं बोलून त्या फळ्याकडे वळल्या.

वासाच्या तासाला त्यांचे नियम कडक होते. केसांना तेल नको, तोंडाला पावडर नको, आदल्या रात्री लसणाची चटणी नको. मुलींचे गजरे बाहेर. त्यामुळे त्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीच्या गजांना गजरे टांगलेले असायचे आणि नव्यानं आलेल्या शिपायाला वाटायचं, आत सत्यनारायण आहे.

त्या स्वतः मात्र जगातल्या प्रत्येक वस्तूचा वास घ्यायच्या. जर्नल तपासायला हातात घेतलं की आधी नाकाशी. "हे मेसमध्ये बसून लिहिलंस. फोडणीचा वास येतोय. आकडेही फोडणीतलेच दिसतात." हे बहुतेक वेळा खरं निघायचं.

आणि एक शब्द त्यांना मुळीच चालत नसे, तो म्हणजे 'छान'. पेला नाकाशी धरून कुणी म्हणालं, "मॅडम, छान वास येतोय," की त्या फक्त एकच शब्द म्हणायच्या, "पुढे?" मग आपण चाचपडत काहीतरी बोलायचं. फुलांसारखा. "कुठल्या फुलांसारखा?" पांढऱ्या फुलांसारखा. "डोळ्यांनी वास घेतोस का रे? पुढे?" असं करत करत माणूस शेवटी खरं बोलायचा, तोवर त्या सोडायच्या नाहीत.

प्रयोगशाळेत एक कपाट होतं आणि त्यात लोणच्याच्या बरण्या होत्या. प्रत्येकीत एकेक वास. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब. गुऱ्हाळावरची काकवी. हळदीच्या पेवातली माती. बेदाण्याच्या शेडमधला गंधकाचा कपडा. वाईच्या घाटावरच्या पायरीचं शेवाळ. परदेशी पुस्तकात वाइनच्या वासांची जी नावं होती, त्यातली निम्मी फळं आम्ही कधी पाहिलीसुद्धा नव्हती. मॅडम म्हणायच्या, "जे खाल्लं नाही त्याचा वास ओळखायचा कसा? आपण आपली नावं ठेवू. पुस्तकवाल्यांना गरज पडली तर ते येतील सांगलीला."

त्यांच्या कामाला पैसे नेहमी कमी पडायचे आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. थंड ठेवता येईल अशी टाकी हवी होती, ती परवडेना. त्यांनी आष्ट्याच्या एका बंद पडलेल्या डेअरीतून दुधाचा जुना कूलर आणला आणि तो टेम्पोत घालून कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये नेला. टेम्पोच्या मागे मी आणि एक वर्गमित्र कूलरला धरून बसलो होतो. वर्कशॉपवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर म्याडम, इतकं दिस ठिवल्यावर दूध नासंल की."

"मला नासवायचंच आहे," मॅडम म्हणाल्या.

तो बिचारा आमच्याकडे बघायला लागला. मग मॅडमनी त्याला बसवून द्राक्षाचा रस कसा आंबतो, तो तापला तर त्यातला वास कसा उडून जातो, हे सगळं समजावलं. त्यानं कूलर बदलून दिला आणि पुढे दर हंगामात तो दुचाकीवरून बघायला यायचा, "आमची म्हैस कशी हाय?" असं विचारत. त्या कूलरचं नाव तेव्हापासून म्हैसच पडलं.

आता घोंगड्याची गोष्ट सांगते. माझा आणि मॅडमचा खरा संबंध तिथून सुरू झाला.

पहिल्याच वर्षी शेनिन नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन आमच्यासमोर आली. गिळायची नाही, हे आधीच ठरलेलं. "थुंकायला शिका. गिळायला सगळ्यांनाच येतं," मॅडम म्हणायच्या, आणि स्वतः दोन हात लांबच्या पितळी तस्तात नेमकी धार सोडायच्या. माझी पाळी आली. मी पेला नाकाशी धरला आणि हातच थांबला. तो वास मला जन्मापासून माहीत होता, पण तो इथं कसा?

"छान," मी म्हणाले.

"पुढे?"

"सफरचंद." शेजारची मुलगी तेच बोलली होती.

"सफरचंद तिचं झालं. तुझं सांग."

मी पेला परत नाकाशी नेला. शेवटी मी खाली बघून म्हणाले, "ओलं घोंगडं, मॅडम."

वर्ग हसला. एक जण मागून म्हणाला, "आली मेंढरं." आम्ही धनगर. माझे वडील, म्हणजे आप्पा, आणि काका वर्षानुवर्षं मेंढरं घेऊन नदीकाठच्या गावांना जायचे, पावसात भिजून पालावर यायचे. कॉलेजात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं होतं असंही नाही, कुणी विचारलं नव्हतं. आता न विचारता सगळ्यांना कळलं.

मॅडमनी माझ्या हातातला पेला घेतला, बराच वेळ नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "मला ओलं घोंगडं माहीत नाही. वाईला आमच्याकडे रजया. बरणी रिकामी आहे. कुठं मिळेल?"

"घरी," मी म्हणाले.

आणि त्या रविवारी त्या खरंच आल्या. एसटीनं, मग वडापच्या भरगच्च जीपनं, मग पायी. आई गोंधळून गेली. मॅडमनी ताक घेतलं, भांडं परत देताना त्याचाही वास घेतला आणि म्हणाल्या, "चुलीवर तापवलेलं दूध." आईला ते इतकं आवडलं की दारूचा विषय तिनं त्यानंतर काढला नाही. मग आप्पांचं घोंगडं बादलीत बुडवून पिळलं गेलं आणि आमच्या शहाण्यासुरत्या मॅडम अंगणात बसून त्यात तोंड खुपसून डोळे मिटून राहिल्या. काका मला हळूच म्हणाला, "पोरी, हिला बरं हाय न्हवं?"

परत जाताना आप्पा त्यांना रान दाखवायला घेऊन गेले. आमच्या कोरड्या भागात योजनेचं पाणी आलं ते मी शाळेत असताना. आप्पांनी मेंढरं कमी केली आणि खाण्याच्या द्राक्षाची बाग लावली. तेव्हा शेजारच्या बागेचे तात्या चार माणसांत म्हणाले होते, "मेंढरामागं हिंडणाऱ्याला बाग पेलंल व्हय?" त्यानंतर आप्पांच्या बागेतला एकेक मणी सुपारीहून मोठा झाला. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा. आप्पांची इज्जत त्या मण्यांच्या आकारात होती, असं मी म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

बागेच्या वरच्या अंगाला वीस गुंठे खडकाळ माळ होता. मॅडम तिथं थांबल्या, दगड उचलला, अर्थातच हुंगला आणि म्हणाल्या, "आप्पा, इथं वाइनची द्राक्षं लावाल? शेनिनची रोपं मी देते. वाइन कारखान्याचे लोक या बाजूला बघायलाच तयार नाहीत. आपण करून दाखवू." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही हात होता, असं मला कायम वाटत राहिलं.

दोन वर्षांनी पहिलं पीक आलं. मॅडम आणि मी बघायला गेलो. आप्पा बांधावर नवा फेटा बांधून उभे. घड बघून मी मॅडमकडे पाहिलं. आप्पांनी त्या द्राक्षांवर आपला सगळा जीव ओतला होता. पोटभर पाणी, भरपूर खत, घडांची विरळणी, मणी फुगायचं औषध. बारीक, दाट मण्यांची ती जात त्यांनी गोट्यांसारखी फुगवली होती.

"बघा म्याडम," आप्पा म्हणाले, "हाय का न्हाई माल?"

मॅडमनी एक घड तोडला, बांधावर बसून सावकाश अख्खा खाल्ला. मग म्हणाल्या, "आप्पा, बाजारात हा पहिला येईल. माझ्या म्हशीत हा नापास."

आप्पांचा चेहरा उतरला. मॅडमनी त्यांना शेजारी बसवलं. "वास सालीत असतो. मणी फुगला तरी साल तेवढीच, आत पाणीच पाणी. पाहुणे वाढले म्हणून आमटीत तांब्याभर पाणी ओतावं, तसं झालंय हे. पाणी कमी करा, खत तोडा. वेलीला थोडं उपाशी ठेवा."

"आवं, लेकराला उपाशी ठिवायचं व्हय?" आप्पा म्हणाले. "आन् रस्त्याकडंची बाग हाय. लोक काय म्हनतील? पानी परवडंना ह्येला. मेंढकंच त्ये, म्हनतील."

मॅडम उठून रस्त्यापर्यंत गेल्या आणि तिथून बाग कशी दिसते ते बघून आल्या. शेवटी ठरलं की येत्या हंगामात वरच्या ओळी मॅडम म्हणतील तशा ठेवायच्या, खालच्या आप्पांच्या मनाप्रमाणे. वाइन दोन्हींची वेगवेगळी करायची. "एक साल बघतो," आप्पा म्हणाले. "जमलं न्हाई तर एप्रिलच्या छाटनीला सगळं कापून खान्याच्या द्राक्षाचं कलम भरतो." त्यात राग नव्हता. त्यांनी जे सांगितलं ते करणार, हे मला माहीत होतं.

हंगाम सुरू झाला आणि वरच्या ओळींत मणी वाटाण्याएवढे राहिले. तात्या येता-जाता विचारायला लागले, "काय रं, मोटार जळली काय तुजी?" आप्पा त्या बाजूला जाईनासे झाले. मी सुट्टीत घरी आले तेव्हा आई म्हणाली, "रातीचं उठून पानी सोडतील की काय, असं भ्या वाटतं मला."

मी हे मॅडमना सांगितलं. पुढच्या बाजारच्या दिवशी त्या एक पाटी घेऊन आल्या. पत्र्याची, पांढरी, त्यावर निळ्या रंगात स्वतःच्या हातानं लिहिलेली. ती त्यांनी रस्त्याकडेच्या खांबाला तारेनं बांधली. पाटीवर होतं: 'या बागेतल्या बारीक मण्यांना मी जबाबदार आहे. बागायतदारांनी मी सांगितलं तसंच केलं आहे.' खाली त्यांचं नाव आणि फोन नंबर.

बाजाराला निघालेली माणसं थांबून वाचत होती. आप्पा आधी लाजले, मग हसले. फोन तर इतके आले की मॅडम वर्गातही घ्यायच्या. "हो, मुद्दाम. नाही, पाणी आहे. नाही, मला काही झालेलं नाही." तात्यांनी स्वतः फोन केला होता. मॅडमनी त्यांना सालीचं आणि आमटीचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तात्या वरच्या ओळीत शिरून एक मणी चघळत उभे राहिले आणि म्हणाले, "गोड हाय रं. पर बारकं हाय." त्यांच्या परीनं ही माघारच होती.

मार्च संपता संपता दोन्ही वाइन तयार झाल्या आणि एका वाइन कारखान्याचे साहेब चव बघायला आले. मॅडम मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्यांच्यानंतर हा प्रयोग कुणी पुढे नेईल, अशी आशा कमी होती. म्हणून हे एकदाच व्हायचं होतं. त्यांनी आप्पांनाही बोलावलं. आप्पा शहरात यायचं म्हणून वासाचा साबण लावून आले.

मॅडम दारात उभ्या. "आप्पा, साबण."

"धुऊन येऊ?"

"या."

आप्पा नळावर गेले. मला प्राचार्य सर आठवले आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी खालच्या ओळींची वाइन तोंडात घोळवली, थुंकली, म्हणाले, "पातळ आहे." वरच्या ओळींची घेतली. या वेळी त्यांनी घाई केली नाही. परत वास घेतला. "पेरू. मध. आणि थोडी ओली लोकर. या जातीत ती बेताची असली की आम्हाला आवडते." मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण टेबलाखाली त्यांचा पाय माझ्या पायावर पडला.

"पण चार ओळींवर करार होत नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या साली अख्खे वीस गुंठे असे ठेवा. मी गाडी पाठवतो."

मग मॅडमनी पेला आप्पांपुढे केला. "पिऊ नका. नुसता वास घ्या." आप्पांनी दोन्ही हातांनी पेला धरला. बराच वेळ नाकापासून हलवला नाही. मग म्हणाले, "चांगला हाय."

आम्ही सगळे वाट बघत होतो. मॅडमनी 'पुढे?' विचारलं नाही.

जिन्यात मी त्यांना कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "जिभेवर आलं होतं गं. पण मी विचारत गेले असते तर ते बोलत गेले असते, आणि बोलता बोलता मला हो म्हणून बसले असते. अख्खी बाग बारीक ठेवायची आहे. उद्या तिथं पाटी लावायला मी नसेन. त्यांचं त्यांना ठरवू दे."

एसटीत आप्पा खिडकीतून रस्त्याकडेच्या बागा बघत राहिले.

छाटणीच्या आठवड्यात मॅडम कसल्याशा पूजेसाठी वाईला गेल्या होत्या. मी गावाकडे निघाले. जीपमधून उतरले आणि आधी खांबाकडे बघितलं. पाटी नव्हती. तार तुटलेली लोंबत होती. मी धावतच माळाकडे गेले. वेली छाटलेल्या होत्या, पण नेहमीच्या छाटणीनं. खोडाला कुठंही करवत लागलेली नव्हती, कलम भरल्याची खूण नव्हती.

आप्पा घरामागं शेडमध्ये उकिडवे बसले होते. समोर पाटी. मॅडमचं नाव, नंबर आणि दुसरी ओळ त्यांनी पांढऱ्या रंगानं पुसून टाकली होती. आप्पांना अक्षरं जुळवून वाचता येतं, लिहायची सवय नाही. ब्रश मुठीत धरून, जीभ दातात दाबून ते नवीन ओळ लिहीत होते. ती उजवीकडे उतरत गेली होती. 'या बागेतल्या बारीक मण्यांना मी जबाबदार आहे' हे वरचं तसंच ठेवलं होतं, आणि त्याखाली आप्पांचं पूर्ण नाव येत होतं, आजोबांच्या नावासकट.

"बघतीस काय?" ते म्हणाले. "आडनाव बराबर हाय का सांग."

बरोबर होतं. मी तिथूनच मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे घाटावरची घंटा वाजली. आज हे लिहिताना ती कपाटातली बरण्यांची रांग माझ्याकडे आहे, आणि यंदा म्हशीवर मी काम करते. पण त्या दिवशी हे काही ठरलं नव्हतं. मी फोन कानाला लावून नुसती उभी होते.

"तिथं आत्ता वास कसला येतोय?" मॅडमनी विचारलं.

"छान," मी म्हणून गेले.

"पुढे?"

मी डोळे मिटले आणि सांगायला लागले. ओला रंग. रॉकेल. छाटलेल्या काड्यांचा हिरवा चीक. आणि आप्पांच्या खांद्यावरचं घोंगडं.